खरेदीखत ते सातबारा: एका फेरफाराची उकल

खरेदीखत नोंदलं गेलं की खरेदीदार पेढे वाटतो. दुय्यम निबंधकासमोर अंगठे झाले, फोटो निघाले, सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत हातात आली. त्याच्या लेखी जमीन त्याची झाली. सातबाऱ्यावर नाव मात्र फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, प्रमाणित झाल्यावरच लागतं. या दोन तारखांच्या मध्ये पूर्वी महिने जात, कधी वर्षंही. महसूल विभागाची ई-फेरफार आणि नोंदणी विभागाची आय-सरिता या संगणक प्रणाली जोडल्या गेल्यावर हे अंतर आक्रसलं, पण सगळीकडे सारखं नाही. एकाच तालुक्यात, एकाच प्रणालीवर, एका गावची नोंद तीन आठवड्यांत होते आणि शेजारच्या गावची चार महिने लोंबकळते. असं का, याचं उत्तर फ्लोचार्टमध्ये सापडत नाही. कोण कोणावर कशासाठी अवलंबून आहे, हे आधी मांडावं लागतं.

खालचं प्रकरण नमुन्यादाखल रचलं आहे. कलमं, नमुने आणि टप्पे खरे आहेत; गट आणि माणसं कल्पित.

प्रकरण

एक गट, २ हेक्टर ४० आर, जिरायत, भोगवटादार वर्ग १ (विक्रीला सरकारी परवानगी लागत नाही अशी). तीन भावांचं सामाईक खातं, प्रत्येकी ८० आर. धाकटा आपले ८० आर, म्हणजे जवळपास दोन एकर, गावातल्याच शेतकऱ्याला विकतो. थोरला गावात राहतो. त्याच्या पीककर्जापोटी विकास सोसायटीचा बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आहे. मधला पुण्यात. भावाभावांत उघड भांडण नाही, पण मधल्याला विक्री पसंत नाही.

जुन्या पद्धतीचं चित्र कुणीही कार्यालयात बसून पाच मिनिटांत काढून देतो. दस्त नोंदला, दुय्यम निबंधकाकडून कळवणी निघाली, तहसीलमार्गे तलाठ्याकडे आली, तलाठ्याने गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली, नमुना ९ च्या नोटिसा काढल्या, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, तलाठ्याने सातबाऱ्याला अंमल दिला. अंमल देणं म्हणजे हाताने विक्रेत्याच्या नावाला कंस करायचा, खाली खरेदीदाराचं नाव लिहायचं आणि फेरफार क्रमांक वर्तुळात टाकायचा. हे वर्तुळ राहून गेलं तर पुढच्या पिढीला नोंदीचा माग लागत नाही.

सात चौकटी, सहा बाण. चित्र बरोबर आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. कळवणी उशिरा निघाली तर त्याचा त्रास कोणाला होतो, कोणाला होत नाही, यातलं काहीच त्या बाणांत दिसत नाही.

कायद्याने काय गृहीत धरलं आहे

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम १४९ सांगतं की जमिनीत हक्क मिळवणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी द्यावी. त्यातच सूट आहे: नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळाला असेल तर वर्दी देण्याची गरज नाही. कारण कलम १५४ नुसार दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यानेच तलाठी आणि तहसीलदारांना कळवायचं आहे. कलम १५० मध्ये पुढचं सगळं येतं: नोंद धरणं, चावडीवर प्रत लावणं, हितसंबंधितांना लेखी कळवणं, हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेणं आणि अव्वल कारकुनाच्या दर्जापेक्षा कमी नसलेल्या महसूल अधिकाऱ्याने नोंद तपासून प्रमाणित करणं. व्यवहारात हे काम मंडळ अधिकारी करतात.

कागदावर ही सूट शेतकऱ्याच्या सोयीची वाटते. संस्थेच्या नजरेतून पाहिलं तर वेगळंच दिसतं. खरेदीदाराचं काम आता दोन खात्यांच्या आपसातल्या पत्रव्यवहारावर टाकलं गेलं, आणि तो पत्रव्यवहार वेळेत व्हावा असं वाटणारा एकमेव माणूस त्यात कुठेच नाही. दुय्यम निबंधकाचं खातं नोंदणी व मुद्रांकाचं. त्याचं मोजमाप नोंदलेले दस्त आणि जमा झालेलं शुल्क. तलाठ्याला कळवणी पोचली की नाही, याबद्दल त्याला कोणी विचारत नाही. म्हणून खरेदीदार सूची दोनची प्रत घेऊन स्वतःच तलाठ्याकडे जातो. कायद्याने माफ केलेली वर्दी व्यवहाराने त्याच्या गळ्यात पुन्हा घातली.

मांडणी कशी केली

वापरलेली पद्धत आय-स्टार या नावाने ओळखली जाते. टोरांटो विद्यापीठात एरिक यू यांनी जॉन मायलोपुलोस यांच्यासोबत १९९० च्या दशकात ती विकसित केली. यू यांचा १९९५ चा प्रबंध प्रक्रियांच्या पुनर्रचनेसाठीच्या याच मांडणीवर आहे. पहिल्या पातळीवर फक्त पात्रं आणि त्यांच्यातली अवलंबनं काढायची. दुसऱ्या पातळीवर प्रत्येक पात्राच्या आत शिरून ते तसं का वागतं हे काढायचं.

पात्रं नऊ: खरेदीदार, विक्रेता, सहहिस्सेदार, दुय्यम निबंधक, तहसील कार्यालय, तलाठी, मंडळ अधिकारी, कोतवाल, विकास सोसायटी. इथेच पहिली चूक होते. ‘तलाठी’ म्हणून एकच गोल काढला जातो. पद एक, भूमिका अनेक, आणि त्यात बसलेला माणूस वेगळा. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात, इथेही तसंच.) एका सज्याच्या (तलाठ्याच्या कार्यक्षेत्राच्या) तलाठ्याकडे शेजारच्या सज्याचा अतिरिक्त कार्यभार असेल तर माणूस एक आणि पदं दोन होतात. मॉडेलमध्ये ही दोन पदं वेगळी काढून एकाच माणसाला जोडली नाहीत, तर दुसऱ्या गावच्या नोंदी का रखडतात याचं कारण सगळं चित्र धुंडाळूनही मिळत नाही.

मग प्रत्येक जोडीसाठी एक वाक्य लिहायचं: अमुक हा तमुकवर कशासाठी अवलंबून आहे. वाक्य चारांपैकी एका प्रकारात बसतं. वस्तू किंवा माहिती हवी असते, ठरलेल्या रीतीने काम व्हायला हवं असतं, काही साध्य व्हायला हवं असतं (रीत समोरच्याने ठरवावी), किंवा एखादा गुण हवा असतो, जो झाला-न झाला असा मोजता येत नाही. आपल्या प्रकरणात:

तलाठी कळवणीसाठी दुय्यम निबंधकावर अवलंबून. ही माहिती.
तलाठी नोटीस बजावण्यासाठी कोतवालावर. हे काम.
खरेदीदार आपलं नाव लागण्यासाठी मंडळ अधिकाऱ्यावर. हे साध्य.
मंडळ अधिकारी नोंद ‘निर्धोक’ असण्यासाठी तलाठ्यावर. हा गुण.
सहहिस्सेदार आपल्याला न कळता काही होणार नाही यासाठी तलाठ्यावर. हाही गुण.

नऊ पात्रांचं चित्र एका पानावर काढलं की ते कोळ्याचं जाळं होतं आणि बैठकीत कोणी वाचत नाही. त्यापेक्षा तक्ता बरा. उभ्या बाजूला अवलंबून असणारा, आडव्या बाजूला ज्यावर अवलंबून तो. बहात्तर घरांपैकी वीस-बावीसच भरतात. चित्र काढायचंच तर एका वेळी तीन पात्रांचं.

तक्ता भरला की प्रत्येक घराला एक प्रश्न विचारायचा: उलटा बाण आहे का? म्हणजे ज्यावर मी अवलंबून आहे, त्यालाही माझ्याकडून काही हवं आहे का? असेल तर अवलंबन वसूल करता येतं. नसेल तर दोन आधार उरतात: समोरच्याला स्वतःच्या कारणासाठी ते काम करावंच लागत असेल तर हमी, किंवा दुसरा मार्ग उपलब्ध असेल तर विमा. तिन्हींपैकी काहीच नसलेली घरं लाल करायची. पुनर्रचना तिथूनच सुरू होते.

या प्रकरणात तीन घरं लाल झाली. तलाठ्याचं दुय्यम निबंधकावरचं अवलंबन. खरेदीदाराचं मंडळ अधिकाऱ्यावरचं. आणि तिसरं, जे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, तलाठ्याचं मधल्या भावावरचं. नोटिशीच्या पोचेवर सही हवी आहे मधल्याची. त्याला सही करून काहीच मिळत नाही. न केल्याने मात्र विक्री लांबते, आणि ते त्याला हवंच आहे.

पहिलं लाल घर: कागद बंद झाला

इथे पुनर्रचना जोरदार झाली. दस्त नोंदवताना त्या गटाचा सातबारा प्रणालीतूनच समोर येतो, विक्रेता खातेदारांच्या यादीतून निवडला जातो, आणि नोंदणी होताच व्यवहाराची माहिती फेरफार प्रणालीकडे जाते. हितसंबंधितांना लघुसंदेशाने कळवण्याची तरतूद कलम १५० मध्येच घातली गेली. नोटिसा ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. प्रमाणित केल्यावर अंमल आपोआप बसतो. कंस आणि वर्तुळ हाताने करायचं राहिलं नाही.

मॉडेलच्या भाषेत काय झालं? तलाठ्याचं दुय्यम निबंधकावरचं अवलंबन नुसतं वेगवान झालं नाही. दस्त नोंदवण्याची क्रिया तीच कळवण्याची क्रिया झाली, म्हणून ते अवलंबन गळून पडलं. दुय्यम निबंधकाच्या मर्जीला जागाच उरली नाही. मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये मांडलेलं फोर्डच्या देयक विभागाचं उदाहरण याच जातीचं आहे. खरेदी आदेश, माल आल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल यांतल्या चौदा बाबी जुळवत पाचशेच्या वर माणसं बसत आणि त्यांचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांत जाई. बिलच काढून टाकलं आणि जुळणी माल उतरतो त्या ठिकाणी नेली, तेव्हा तीन बाबी उरल्या.

आपल्याकडेही जुळणी नोंदणीच्या टेबलावर आली, पण ती सातबारा बरोबर असेल तरच चालते. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळत नाही हे मोठं दुखणं होतं. एडिट मॉड्यूल (संगणकावरच्या चुका सुधारायची सोय), चावडी वाचन (गावासमोर सातबारे वाचून चुका शोधणं), कलम १५५ खालचे दुरुस्तीचे आदेश ही सगळी त्याचीच औषधं. आपल्या गटात तिघा भावांची क्षेत्रं मिळून २ हेक्टर ४० आर भरायला हवीत. संगणकावर धाकट्याच्या नावापुढे चुकून ७० आर पडले असतील तर ८० आरची विक्री जुळत नाही. अशा वेळी टेबलावरचा माणूस जोडणी टाळून दस्त पुढे रेटतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. समोर अंगठा द्यायला आलेली चार माणसं उभी आहेत, मुद्रांक भरला आहे, आणि सातबारा दुरुस्त करणं त्याच्या अखत्यारीत नाही. मग दस्त होतो, फेरफार निघत नाही, आणि खरेदीदार पुन्हा सूची दोन घेऊन तलाठ्याच्या दारात.

उपाय प्रणालीत नाही, क्रमात आहे: दुरुस्ती विक्रीच्या आधी. दस्ताचा मसुदा करण्याआधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि शेवटचे फेरफार काढून क्षेत्राची बेरीज करायची. बेरीज चुकली तर १५५ चा अर्ज आधी, खरेदीखत नंतर. दुरुस्तीला तहसीलदारांचा आदेश लागतो, तेव्हा इसारपावतीत मुदत लिहिताना त्याला जागा ठेवायची.

दुसरं लाल घर: मंडळ अधिकारी का थांबतात

दुय्यम निबंधक दस्त नोंदतो, मालकी तपासत नाही. समोर आलेली माणसं तीच आहेत का आणि सही त्यांनी कबूल केली का, हे तो पाहतो. नोंद बरोबर आहे का, याचा पहिला खरा निर्णय मंडळ अधिकाऱ्याच्या टेबलावर होतो. बाहेरून दिसणारी ढिलाई आतून पाहिली की वेगळी दिसते.

त्याच्या आत तीन इच्छा आहेत: नोंदी निकाली निघाव्यात, वरून विचारणा होऊ नये, आपल्या सहीने नंतर चौकशी लागू नये. पहिली दोन प्रमाणित केल्याने साधतात, तिसरी थांबल्याने. साध्या, एकाच खातेदाराच्या नोंदीत तिसरीचा प्रश्नच येत नाही. आपल्या प्रकरणात येतो: सामाईक खातं, एका सहहिस्सेदाराची पोच नाही, इतर हक्कात बोजा. बोजा थोरल्याच्या कर्जाचा आहे, पण सातबाऱ्यावर तो अख्ख्या गटासमोर दिसतो. कोणाच्या हिश्शावर किती, हे सोसायटीच सांगू शकते, आणि सोसायटीला सांगायची घाई नाही. बोजा जितका रुंद दिसेल तितकं तिचं कर्ज सुरक्षित. इथे तर उलटा बाण चुकीच्या दिशेने ओढतो.

तर मंडळ अधिकारी थांबतो. थांबण्याची किंमत तो मोजत नाही, खरेदीदार मोजतो. फक्त ‘प्रलंबित नोंदी कमी करा’ असा लक्ष्यांक दिला की काय होतं, हेही मॉडेल आधीच सांगतं. सोप्या नोंदी पटापट निघतात, अवघड मागे पडतात, सरासरी दिवस सुंदर दिसतात. फिफो, म्हणजे आधी आलेली आधी निकाली, लावली की ही पळवाट बंद होते. पण मग एक अडकलेली नोंद मागच्या सगळ्यांना अडवते, म्हणून ‘पोच बाकी’ आणि ‘खुलासा बाकी’ अशा नोंदी कारण लिहून रांगेतून बाजूला काढायची सोय हवी. कारण लिहिणं सक्तीचं नसेल तर त्या बाजूच्या रांगेचंच नवं दप्तर होतं.

त्यात भाराचं गणित आहे. एका मंडळात साधारण सहा सजे. धरा की दर सज्यातून महिन्याला ४० नोंदी. मंडळ अधिकाऱ्यासमोर २४०. बावीस कामाच्या दिवसांत रोज अकरा. एका नोंदीला दस्त, सातबारा आणि पोच पाहायला पंधरा मिनिटं लागली तर पावणेतीन तास. जमण्यासारखं आहे. पण पंचनामे, निवडणूक, वसुली यातून फेरफाराला आठवड्याचे दोनच दिवस उरले, तर त्या दिवशी सत्तावीस-अठ्ठावीस नोंदी येतात, म्हणजे सात तास. अशा दिवशी अवघड नोंद उघडलीच जात नाही.

तिसरं लाल घर: पोच

हे तंत्रज्ञानाने जवळजवळ हललंच नाही. नोटीस तयार व्हायला क्षण लागतो. बजावायला माणूस लागतो. आपल्या प्रकरणातले दिवस मोजून पाहा. नोटीस पहिल्या दिवशी तयार. खरेदीदार, विक्रेता आणि थोरला यांना कोतवालाने चौथ्या दिवशी दिली. मधल्याला नोंदणीकृत टपालाने पुण्याला. बाराव्या दिवशी मिळाली, पोचपावती एकोणिसाव्या दिवशी परत. त्याच्या हाती पडल्यापासून पंधरा दिवस धरले तर मुदत सत्ताविसाव्या दिवशी संपते. नोटीस तयार झाल्यापासून मोजणारा सोळाव्या दिवशीच नोंद ‘मंजुरीस पात्र’ समजतो. ज्या कार्यालयात हे दोन आकडे एकच मानले जातात, तिथे मंजूर झालेल्या नोंदी अपिलात परत येतात, कारण नोटीस बजावल्याशिवाय नोंद प्रमाणित करता येत नाही. आणि पत्ताच चुकीचा असेल तर पाकीट परत येतं आणि घड्याळ सुरूच होत नाही. सातबाऱ्यावर पत्ता नसतो.

पर्याय तीन तपासले. कोतवालांवर भर देणं: पुण्यातल्या भावासाठी उपयोग शून्य. केवळ लघुसंदेश पुरेसा मानणं: सर्वांत वेगवान, पण सहहिस्सेदाराचं संरक्षण पातळ होतं आणि मंडळ अधिकाऱ्याची धाकधूक वाढते, म्हणजे जे दिवस बजावणीत वाचले ते मंजुरीत जातात. तिसरा पर्याय कमी आकर्षक आणि जास्त कामाचा: दस्ताची माहिती भरतानाच सगळ्या सहहिस्सेदारांचे पत्ते आणि मोबाइल क्रमांक खरेदीदार-विक्रेत्याकडून घेणं, आणि दोघेही टेबलासमोर असताना त्यांची पोच तिथेच घेणं. घाई ज्याला आहे त्याच्यावरच माहिती आणण्याचं काम पडतं, आणि त्याला ते आनंदाने करावंसं वाटतं. कोतवालाच्या तीन फेऱ्यांतल्या दोन वाचतात. पत्ता मुद्दाम चुकीचा देण्याचा धोका उरतो. त्यासाठी चावडीवरची प्रत आणि ‘आपली चावडी’ हा विमा ठेवायचा, काढायचा नाही.

मधल्या भावाने हरकत घेतलीच तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. तो त्याचा हक्क आहे. पुनर्रचनेने तो वेगवान करायचा असतो, अवघड नाही. हरकत नसताना पोचेअभावी झालेला उशीर आणि हरकतीमुळे झालेला उशीर या दोन गोष्टी अहवालात एकाच ‘प्रलंबित’ रकान्यात टाकल्या की पुढचं सगळं विश्लेषण वाया जातं. म्हणून मोजायच्या तारखा सहा: दस्त नोंदणी, फेरफार क्रमांक, शेवटच्या हितसंबंधिताला नोटीस मिळाल्याची तारीख, हरकत असल्यास तिची तारीख, मंजुरीसाठी नोंद पहिल्यांदा उघडल्याची तारीख, आणि प्रमाणित केल्याची. पाचवी तारीख सहसा कोणी मागत नाही. उघडून थांबवलेली नोंद आणि कधीच न उघडलेली नोंद तिच्यावरूनच वेगळी ओळखता येते.